टाकीच्या आतले चरे

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तिने माशांच्या टाकीतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत पुसला, स्टुलावरून उतरून टाकीच्या समोर आली आणि वरचा दिवा लावला.

पुढच्या पारदर्शक भिंतीवर, अगदी मधोमध, चरेच चरे उठले होते. वीतभर लांब, एकात एक गुंतलेले, मांजरीने सोफ्यावर नखं ओढावीत तसे. आधी तिला वाटलं, पाण्याचे ओघळ असतील. फडक्याने पुसून पाहिलं. मग वाटलं, बाहेरून काही चिकटलं असेल. बोट फिरवलं तर बाहेरची बाजू लोण्यासारखी गुळगुळीत लागली. चरे आतून होते. आणि गेल्या तासाभरात आतून फक्त तिचाच हात फिरला होता.

हातातल्या पात्याकडे तिने बघितलं. लांब दांड्याला बसवलेलं पोलादी पातं, नवऱ्याच्या पिशवीतलंच. काचेवरचं हट्टी शेवाळ त्याने पापुद्र्यासारखं सोलून निघायचं. गेले सहा आठवडे ती ते घेऊन त्याच्या गिऱ्हाइकांच्या टाक्या साफ करत घरोघरी फिरत होती आणि कुणाची तक्रार आली नव्हती. इथली टाकी मात्र आतापर्यंत तिने नुसत्या स्पंजाने पुसली होती. आज हिरवे ठिपके काही केल्या निघेनात, म्हणून पातं काढलं.

ही टाकी काचेची नाही, अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे मऊ प्लास्टिकची आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. नवरा सगळ्यालाच काच म्हणायचा. 'केंद्रातली मोठी काच', 'वकिलांकडची काच', 'शाळेतली काच'. तेवीस वर्षांच्या संसारात तो घरी येऊन काचांबद्दल बोलायचा आणि ती मशीनवर गणवेश शिवता शिवता हूं हूं करायची. आता तिने टाकीच्या कडेवर टिचकी मारली. काच वाजते तशी ती वाजली नाही. प्लास्टिकच्या बादलीसारखा ठप्प आवाज आला.

केंद्र म्हणजे अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसांना पुन्हा चालायला, बोलायला, घास तोंडात घालायला शिकवायची जागा. बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीला लागून खुर्च्या आणि मधोमध ही टाकी, माणसाच्या छातीएवढी उंच. व्यायामाची पाळी येईपर्यंत रोगी आणि त्यांचे नातेवाईक टाकीतल्या माशांकडे बघत बसायचे. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. तिचा नवरा अकरा वर्षं दर रविवारी येऊन ही टाकी साफ करत होता. नऊ आठवड्यांपूर्वी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो बाजूला कलंडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. तेव्हापासून तोही इथलाच रोगी होता.

केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला आत बोलावलं होतं. "टाकीचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या होत्या, "यांचं आम्ही बघतो. आठवड्यातून तीनदा आणा." त्यावर कागद झाला नव्हता की सही. टाकी नीट तर नवऱ्याचे व्यायाम चालू, एवढा सरळ हिशोब तिने मनाशी धरला होता. आणि आज त्याच टाकीची तिने अशी वाट लावली होती.

ती पुन्हा स्टुलावर चढली. स्पंज घेऊन चऱ्यांवरून जोरात फिरवला, जणू ते पुसून निघतील. तिसऱ्या फेरीला बोटांखाली बारीकसं कर्र झालं. स्पंजात वाळूचा कण अडकला होता. चऱ्यांच्या जुडग्यातून एक नवी, लांब, कमानदार रेघ डावीकडे निघून गेली.

आतली मोठी झुडपासारखी वनस्पती तिने उपटली आणि चऱ्यांसमोर वाळूत खोचली. ती सावकाश तिरकी झाली, सुटली आणि वर येऊन तरंगायला लागली. मासे तिच्याभोवती गोळा झाले. तिने पुन्हा खोचली, ती पुन्हा वर आली. तिसऱ्यांदा झुडूप वर आलं तेव्हा ती स्टुलावरच बसली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. दाराशी पहारेकरी पेपर वाचत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंडात फडक्याचा बोळा धरला.

उद्या सकाळी नऊला केंद्र उघडणार होतं.

* * *

घरी शेजारच्या आजी नवऱ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना निरोप देऊन तिने दार लावलं आणि पिशवी पलंगावर उपडी केली.

"अहो," ती म्हणाली, "केंद्रातली टाकी मी खराब केली. पातं चालवलं तिच्यावर."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे मोठे झाले. "तसंच?" तो म्हणाला.

त्याच्याकडे आता एवढाच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी तसंच, नको असलं तरी तसंच. नणंदेचा फोन आला की तो कानाला लावून दहा मिनिटं तसंच तसंच करायचा आणि नणंद पलीकडून म्हणायची, "वहिनी, दादा अगदी पहिल्यासारखा बोलतोय हो." लग्नानंतर या नणंदेने तिला दोन वर्षं पाण्यात पाहिलं होतं. त्यावर नवरा म्हणायचा, आमचं सगळं घराणंच लोकांना पाण्यात पाहणारं, मी निदान त्याचा धंदा केला. असलं काही बोलणारा माणूस आता एका शब्दावर आला होता. पण त्या शब्दाचे सूर मात्र शाबूत होते आणि ती हळूहळू सूर ओळखायला शिकली होती.

आत्ताचा सूर होता: काय केलंस हे.

"ओरडा," ती म्हणाली. "ओरडून घ्या. पण ते चरे घालवायचे कसे ते सांगा. तुम्ही घालवलेत कधीतरी, मला माहितीय. शाळेतल्या काचेवर पोरांनी काहीतरी घासलं होतं, तेव्हा तुम्ही दोन दिवस जात होतात. मी ऐकलं नाही नीट. चुकलं माझं. आता सांगा."

तो सांगायला लागला. "तसंच, तसंच, तसंच," डावा हात हवेत हलवत, भराभर, घाम येईपर्यंत. तिला काहीच कळेना. तिने वस्तू एकेक करून पुढे धरल्या. ही नळी? हा ब्रश? ही पावडर? पावडर बघून तो इतक्या जोरात ओरडला की तिने डबी खाली टाकली.

"मग लिहून का नाही ठेवलंत?" तीही ओरडली. "इतकी वर्षं धंदा केलात, एक कागद लिहून ठेवता आला नाही? सगळं स्वतःच्या डोक्यात, आणि आता ते डोकं..." ती थांबली, पण बोलून गेलीच होती.

त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला. झटक्यानंतर त्याला असं रडू यायचं, नळ सुटल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते की त्याचा फार अर्थ लावू नका. आज तिला अर्थ लावायची गरज नव्हती. तिने त्याचं तोंड पुसलं आणि त्याच्याशेजारी बसली.

मग त्याचा डावा हात पिशवीकडे गेला. तिने न पाहिलेल्या आतल्या कप्प्याची चेन त्याने एका हाताने ओढायचा प्रयत्न केला. तिने ती उघडली. आत चामड्याचं पाकीट होतं आणि त्यात तळहाताएवढे रबरासारखे पॉलिश पेपर, सात-आठ. मागे छापलेले खरखरीतपणाचे आकडे झिजून गेले होते. सोबत अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा होता, काठ घासलेला.

त्याने पहिला कागद उचलला, खालच्या ओठावरून अलगद फिरवला आणि चादरीवर ठेवला. दुसरा ओठावरून फिरवला आणि पहिल्याच्या डावीकडे ठेवला. ती श्वास रोखून बघत राहिली. खरखरीत एका टोकाला, मऊ दुसऱ्या टोकाला, अशी रांग लागली. पण झटक्यानंतर त्याच्या हातून उलटसुलट फार व्हायचं, परवाच त्याने शर्टात पाय घातला होता. तिने स्वतः एकेक कागद अंगठ्याखाली चोळून पाहिला. पोत ओळखण्यात तिची बोटं कमी नव्हती. तिला वाटलं, तिसऱ्या आणि चौथ्याची अदलाबदल झाली आहे.

"हा आधी हवा ना?"

"तसंच." म्हणजे नाही.

कोण बरोबर? तिने घमेल्यात पाणी घेतलं, त्या तुकड्यावर मुद्दाम पात्याने चरे ओढले आणि पाण्यातच घासायला बसली. त्याने तिचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटाने दाखवलं: एका दिशेने, सरळ. कागद बदलला की दुसऱ्या दिशेने. गोल गोल नाही. ती विसरून गोल फिरवायला लागली की तो पलंगावर थाप मारायचा. अर्ध्या तासात तुकडा स्वच्छ झाला, पण एका जागी बारीक जाळं राहून गेलं. तिसऱ्या-चौथ्याचा क्रम उलटवून तिने पुन्हा करून पाहिलं तेव्हा जाळं उरलं नाही. तिचं बरोबर होतं. तिला आनंद झाला नाही. पुढे तो काहीही दाखवेल त्यावर किती विसंबायचं?

ती निघाली तेव्हा त्याने तिची बाही धरली.

"तुम्ही कुठे येताय? टॅक्सीत चढवताना माझ्या नाकी नऊ येतात."

त्याने बाही सोडली नाही.

* * *

टॅक्सीवाल्याने त्याला उतरवायला मदत केली. पहारेकऱ्याने चाकाची खुर्ची आणली. दुपारचे तीन वाजले होते. तिने पाण्याचा प्रवाह बंद केला, अंगठी काढून खिशात टाकली, स्टुलावर चढून हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. टाकीपलीकडे तो डाव्या हातात टॉर्च घेऊन बसला. चरा कुठे आहे ते तिला वरून दिसत नव्हतं, त्याला समोरून दिसत होतं. तो टॉर्चचं टोक टाकीला लावायचा, ती त्या ठिपक्यावर कागद न्यायची.

सगळ्यात खरखरीत कागदाने दहा मिनिटं घासल्यावर ती खाली उतरून बघायला आली.

चऱ्यांच्या जागी आता पांढरा डाग होता. थाळीएवढा, दुधाळ, आंधळ्या डोळ्यासारखा. पलीकडचे मासे त्यात शिरले की नाहीसेच व्हायचे. चरे निदान कुणाच्या लक्षात आले नसते असं म्हणता आलं असतं. हा डाग दारातून दिसत होता.

"संपलं," ती म्हणाली. "अहो, संपलं सगळं. आता काय तोंड दाखवू मी त्यांना?"

तिने कागद जमिनीवर टाकला. उद्या काउंटरवरची मुलगी येईल, दिवे लावेल, आणि तिथून पुढचं सगळं तिला आत्ताच दिसत होतं. डॉक्टरीणबाईंची मान, ती फाईल, 'दुसरीकडे बघा' हे शब्द. आणि हा माणूस घरी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, महिनोन्महिने. पळून जावं असं तिला वाटलं. त्याला इथेच, या खुर्चीत ठेवून दाराबाहेर पडावं आणि चालत सुटावं. क्षणभर तिने खरंच दाराकडे पाहिलं.

तो टॉर्च मांडीवर ठेवून वाकला होता. जमिनीवरचा कागद उचलायचा प्रयत्न करत होता. खुर्ची कलली तशी ती धावली, त्याला सरळ केलं. त्याने कागदाकडे नाही, पाकिटाकडे बोट दाखवलं. पुढचा.

"आणखी खराब होईल."

त्याने नुसती मान हलवली आणि बोट तसंच धरून ठेवलं.

ती पुन्हा चढली. दुसरा कागद. काही फरक नाही. तिसरा. हात बधिर झाला, तिने बाजू बदलून डावा घातला. एक मोठा पिवळा मासा येऊन तिच्या मनगटाला तोंड लावत राहिला. तिला त्याला हाकलायचंही त्राण नव्हतं. मन भलतीकडे गेलं की हात आपोआप पहिल्याच दिशेने चालायचा. एकदा असंच चाललं असताना समोरून आवाज आला, "आडवं."

तिने हात आडवा वळवला आणि घासत राहिली. पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील. मग ती थांबली. टाकीच्या पाण्यातून त्याचा चेहरा मोडका-तोडका दिसत होता.

"काय म्हणालात?"

"तसंच," तो म्हणाला.

"नाही. आत्ता काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

त्याने तोंड उघडलं, जीभ हलवली, कपाळावर आठ्या पडल्या. "तसंच," तो म्हणाला, आणि त्या आवाजात इतकी चीड होती की तिने पुन्हा विचारलं नाही.

पाचव्या कागदानंतर डाग पातळ झाला. सहाव्यानंतर मासे पलीकडून धुक्यात पोहल्यासारखे दिसायला लागले. सातव्याने धुकंही विरलं, फक्त दिवा तिरका पडला की एक वाफेसारखी छटा दिसायची. सगळ्यात मऊ असा आठवा कागद घरच्या दोन फेऱ्यांतच विरला होता, पाण्यात जाताच तो मधोमध फाटला, घासताना त्याचे तुकडे होऊन पाण्यात सुटले. खाली वाळूलगत तीन खोल चरे राहिले होते. ती त्यांना हात घालणार तोच त्याने टाकीवर टॉर्च ठोकली आणि मान हलवली. हाताचा पंजा आत वाकवून दाखवला: खड्डा पडेल. खड्डा पडला की आतलं सगळं वाकडं दिसेल.

साडेसहा वाजले होते. त्याची मान एका बाजूला कलली होती, पँट ओली झाली होती. किती वेळापासून, कोण जाणे. त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

* * *

सोमवारी साडेआठला ती दाराशी उभी होती. काउंटरवरच्या मुलीने आत शिरताच विचारलं, "काकू, इथे धुकं कसलं आलंय?" रोज आठ तास ती टाकीसमोर बसत होती, तिच्या नजरेतून काय सुटणार?

डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलं. पातं, वाळूचा कण, झुडूप खोचलं तेसुद्धा. त्या टाकीसमोर वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"आणि काल तुम्ही यांना इथे घेऊन आलात. साडेतीन तास बसवलंत."

"ते ऐकेनात, मॅडम."

"त्यांना बोलता येत नाही."

"बोलता येत नाही म्हणून ऐकतात असं थोडंच आहे?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. टाकी जोखमीची झाली आहे की नाही ते जाणकाराला दाखवावं लागेल, म्हणाल्या. तोवर टाकीला हात लावू नका. "रोगी बसतात इथे. उद्या ही फुटली तर?"

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती त्याला व्यायामाला आणायची आणि टाकीकडे पाठ करून बसायची. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना तिने 'आडवं'बद्दल सांगितलं. बाईंनी चित्रं दाखवली, पट्टी उभी-आडवी धरली, तोंडाचा आकार करून दाखवला. तो घामाघूम झाला. शब्द आला नाही. शुक्रवारी बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला नक्की ऐकू आलं होतं ना?"

"हो," ती म्हणाली. पण घरी जाताना तिलाच खात्री वाटेनाशी झाली.

शनिवारी मोठ्या टाक्यांचं काम करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. जाड मिशा, गळ्यात दोरीला चष्मा. त्याने टाकीला गाल लावून पाहिलं, जोड तपासले, आत हात घालून नख फिरवलं.

"भक्कम आहे," तो म्हणाला. "वरवरचे चरे होते. हे कुणी घासलं?"

"मी," ती म्हणाली.

"खालचे तीन का सोडलेत?"

"खड्डा पडला असता."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या तिच्या नवऱ्याकडे. जाताना तिचा नंबर घेतला. पण महिनाअखेरीला टाकीचं काम त्याच्याच कंपनीला गेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावून सांगितलं, दार लावून, नीट शब्दांत. व्यायाम बंद होणार नाहीत, पण आता आठवड्यातून एकदा, सोमवारी. बाकीचे दिवस दुसऱ्यांना द्यावे लागतील, यादी लांब आहे. तिने मान डोलावली. आभारही मानले. बाहेर येऊन तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले आणि टॅक्सीत बसेपर्यंत उघडले नाहीत.

पहिला रिकामा बुधवार आला. नेहमीच्या वेळी दोघांचीही तयारी झाली होती, सवयीने. तो खुर्चीत बूट घालून बसलेला. कुठे जायचं नाही हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिने खाली बसून त्याचे बूट काढले. मग त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि केंद्रातली व्यायाम घेणारी मुलगी करायची तशी एकेक बोट उघडायला लागली. बोटं पुन्हा मिटत होती. ती पुन्हा उघडत होती.

फोन वाजला तेव्हा तिला वाटलं नणंद असेल. पण आवाज अनोळखी बाईचा होता. नंबर त्या मिशीवाल्याने दिला म्हणे. घरातली टाकी अ‍ॅक्रिलिकची आहे, सासऱ्यांनी तारेच्या घासणीने घासून ठेवली आहे. एवढ्या लहान कामाला कंपनी येत नाही.

"बाहेरून की आतून?" तिने विचारलं.

"दोन्हीकडून."

"नख अडकतं का त्यात?"

बाई फोन बाजूला ठेवून बघून आल्या. काही ठिकाणी अडकत होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता, मान पुढे काढून.

"येऊ," ती फोनवर म्हणाली. "पण सगळं जाईल असा शब्द देत नाही. आणि आम्ही दोघं येतो. हात असलेली एक खुर्ची लागेल, टाकीसमोर ठेवायला. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या. लिफ्ट आहे."

"मग पत्ता सांगा," ती म्हणाली आणि पेन शोधायला लागली.